खोगीर रिकामं का? (जुन्या बाजारातली एक फ्रेम)

बोरूबहाद्दर
मंडळी, गेल्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एक फ्रेम मिळाली. दीडेक फूट उंच. काच तडकलेली, चौकट वाळवीनं खाल्लेली. विकणारा म्हणाला, "कामधेनू हाय साहेब, घरात बरकत येती." दोनशे सांगून सव्वाशेला दिली. घरी आणून पुसली तर ती कामधेनू नव्हतीच.

मधोमध पांढरं जनावर आहे. अंग घोड्याचं, पंख, मागे मोराचा पिसारा, गळ्यात मोत्यांच्या माळा, डोक्यावर मुकुट. पाठीवर जरीचं खोगीर, पण स्वार नाही. खाली एका बाजूला काबा, दुसऱ्या बाजूला हिरवा घुमट. वर चांद-तारा आणि ७८६. तळाशी उघडा ग्रंथ, जपमाळ आणि एवढाले गुलाब. कोपऱ्यांत अरबी अक्षरं, ती मला वाचता येत नाहीत.

सगळ्यात विचित्र म्हणजे जनावराच्या चेहऱ्यावर कुणीतरी सोनेरी बेगड चिकटवली आहे. नीट कातरून, अगदी चेहऱ्याच्या मापाची. सजावट म्हणावी तर डोळेसुद्धा झाकलेत. यातलं काय म्हणजे काय, जाणकारांनी सांगावं.

खोडसाळकाका
शीर्षक वाचून वाटलं, मराठी साहित्यातल्या खोगीरभरतीवर धागा आला. निराशा झाली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

वाशिष्ठीकाठची
अहो, हा बुराक आहे! माझ्या आजोळी चिपळूणला माजघरात अगदी असाच होता. मेराजच्या रात्री, म्हणजे रजब महिन्याच्या सत्ताविसाव्या रात्री, पैगंबरसाहेब मक्केहून जेरुसलेमला आणि तिथून आसमानात गेले, ते या बुराकवरून. 'बर्क' म्हणजे वीज, त्यावरून नाव.

कुराणात सतराव्या सूरेच्या पहिल्याच आयतीत त्या रात्रीच्या प्रवासाचा उल्लेख आहे, बुराकचं नाव मात्र नाही. ते हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनां-आठवणींमध्ये येतं. तिथलं वर्णन अगदी साधं आहे. पांढरं जनावर, गाढवापेक्षा मोठं, खेचरापेक्षा लहान, नजर पोचेल तिथे त्याचं पाऊल पडायचं. बस्. बाईचा चेहरा, मुकुट, पिसारा हे सगळं पुढे चित्रकारांनी चढवलं. इराणी लघुचित्रांत बुराकला बाईचा चेहरा आहे, तिथून तो आपल्याकडच्या छापील चित्रांत उतरला.

स्वार का नाही, याचं उत्तर सोपं आहे. आपल्याकडे पैगंबरांचं चित्र काढत नाहीत. तुमच्या फ्रेममधलं जनावर त्यांना न्यायला आलंय किंवा सोडून आलंय, कसंही समजा. आम्ही लहानपणी विचारायचो, "नानी, बसणारा कुठंय?" ती म्हणायची, "बसलेत. तुला दिसत नाहीत."

बेगडीबद्दल सावकाश लिहिते, त्यामागे आमच्या घरातलं एक भांडण आहे.

ऑफसेटअण्णा
विकणाऱ्याला हसू नका. मी पस्तीस वर्षं छपाईत काढली. बाईचा चेहरा, पंख, मोरपिसारा असलेली कामधेनू तुम्ही वाणसामानाच्या कॅलेंडरवर पाहिलीच असेल. तिच्या शेजारी बुराक ठेवा. मान, मुकुट, पिसारा, गळ्यातले दागिने, फरक शोधत बसाल. खाली आचळ की खोगीर, एवढंच बघायचं.

कारण एकच. चितारी तेच, छापखाने तेच. मेरठचे हसन रझा राजा हे कॅलेंडर चित्रकलेतलं मोठं नाव. त्यांनी काबा-मदिनाही काढले आणि हिंदू देवदेवताही. दिल्लीच्या चांदणी चौकातल्या हेमचंदर भार्गव यांच्याकडून दोन्हीकडची चित्रं निघायची. शिवकाशीच्या कॅलेंडरवाल्यांचं आजही तसंच आहे. आमच्याकडे एक सूर्यास्त होता, तळं, कमळं आणि मागे डोंगर. त्या एकाच पार्श्वभूमीवर लक्ष्मी छापली, येशू छापला आणि रमजानच्या वेळापत्रकावर काबाही बसवला. गिऱ्हाइकाला तळं आवडायचं.

बोरूबहाद्दर, चित्राच्या कडेला लाल-निळी किनार फुटलेली दिसते का? म्हणजे रजिस्टर हललेलं, चार रंगांचे छाप एकावर एक नीट बसलेले नाहीत. आणि मदिनेचे मिनार मोजा. मस्जिदे नबवीला १९५० च्या दशकातल्या विस्तारानंतर चार मिनार होते, १९९० च्या दशकात दहा झाले. मक्केला सात होते, १९८० च्या दशकातल्या वाढीव बांधकामानंतर नऊ. मागे अगडबंब घड्याळाचा मनोरा दिसला, तर चित्र अगदी अलीकडचं.

बोरूबहाद्दर
अण्णा, भिंग घेऊन मोजले. मदिनेला चार. गुलाबांना सगळीकडे निळी किनार आहे, मला वाटलं पाकळ्यांची सावली!

ऑफसेटअण्णा
मग १९९० च्या आधीचं असू शकतं. असू शकतं म्हणतोय, कारण आम्ही जुनीच फिल्म वीस-वीस वर्षं वापरायचो. नव्या मिनारांसाठी नवी फिल्म कोण काढतंय?

स्पष्टवक्ता
एक शंका. इस्लाममध्ये चित्रच हराम ना? मग हे सगळं इस्लामी कसं? आणि ७८६ आरशात उलटं धरलं की ॐ दिसतो, हे कुणी सांगणार आहे का?

हिशेबनीस
आरसा खाली ठेवा, कागद-पेन घ्या. अरबीत प्रत्येक अक्षराला एक अंक असतो, त्या पद्धतीला अब्जद म्हणतात. आपल्याकडच्या कटपयादीसारखंच. 'बिस्मिल्लाह अर्रहमान अर्रहीम' मधली अक्षरं मांडली, तर बिस्म १०२, अल्लाह ६६, अर्रहमान ३२९, अर्रहीम २८९. बेरीज ७८६. त्यात ॐ नाही आणि गूढही काही नाही.

वापर कुठे होतो ते मात्र बघा. पत्राच्या माथ्यावर, दुकानाच्या बिलावर, लग्नपत्रिकेवर. हे कागद उद्या रद्दीत जाणार, पायाखाली येणार. त्यावर अल्लाहचं नाव कशाला, म्हणून आकडा. आपण पत्रावर 'श्री' लिहितो, पण त्या पत्रात भजी बांधून आली की वाईट वाटतंच ना? हा आकडा पटत नाही असे मुसलमानही भरपूर आहेत. ते म्हणतात, लिहायचं तर पुरतं बिस्मिल्लाह लिहा.

वाशिष्ठीकाठची
स्पष्टवक्ता, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आणि बेगडीचं उत्तर एकच आहे.

ज्या घरात चित्र किंवा कुत्रा असतो त्या घरात फरिश्ते येत नाहीत, अशी हदीस आहे. त्याचा अर्थ कोण किती ताणतो, यावर घराघरात वाद. काही जण फोटोसुद्धा लावत नाहीत. काही म्हणतात, इमारती चालतील, झाडं-फुलं चालतील, जीव असलेलं काही नको. काही बुराक, पीर, सगळं लावतात. हा वाद आमच्या घरी मामा आणि नानी यांच्यात चालायचा. मामा सौदीत चार वर्षं काढून आला आणि बुराक उतरव म्हणून मागे लागला. म्हणाला, डोळे असलेलं काही समोर असताना नमाज कशी पढायची? नानी म्हणाली, माझ्या सासूनं लावलाय, मी उतरवणार नाही.

शेवटी नानीनं काय केलं? ईदला चुडीदारावर लावायच्या टिकल्या आणल्या होत्या, त्यातल्या मोठ्या टिकल्या शिरणीच्या पाकानं बुराकच्या तोंडावर चिकटवल्या. चेहरा गेला, चित्र राहिलं. मामा गप्प. मुंग्या मात्र महिनाभर आल्या.

तुमच्या फ्रेमवर बेगड लावणारीही अशीच कुणीतरी असणार. जुन्या लघुचित्रांत खरवडलेले चेहरे दिसतात, त्यामागेही पुष्कळदा हीच अडचण आहे. बेगड म्हणजे त्यातल्या त्यात प्रेमाचा उपाय.

बोरूबहाद्दर
हे वाचून फ्रेम पुन्हा हातात घेतली. बेगडीची कड खरंच कात्रीनं गोल काढली आहे, ओबडधोबड नाही. आता तिच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघतोय.

आणखी एक सुचलं, बरोबर की चूक सांगा. नेटवर अशी बरीच चित्रं पाहिली. खोगीर आहे, स्वार नाही. पैगंबरांचे नातू हुसेन जिथे मारले गेले त्या करबलाच्या चित्रात बाण रुतलेला घोडा एकटाच परतलाय. चपलेची नुसती आकृती आहे. पसरलेली जानमाज, म्हणजे नमाज पढायची चटई आहे, वर कुणी नाही. मला वाटतं, या चित्रांचा विषय ती रिकामी जागाच आहे. आपल्याकडे पालखीत पादुका असतात, माऊली दिसत नाहीत, तरी लाख माणूस चालतं.

कडेगावचा बाळ्या
शंभर टक्के! ती चपलेची आकृती म्हणजे नालैन, पैगंबरांच्या पायताणाचा नक्षा. टोपीवर, बिल्ल्यावर, गाडीच्या काचेवर असतो. आपल्या पादुकांशी जोडलंत ते पटलं.

मोहरमचं सांगतो, आम्ही त्यातच वाढलो. कडेगावचे ताबूत बघायला लांबलांबून माणसं येतात. उचलणाऱ्यांत आमच्यासारखी हिंदू घरंही आहेत. ताबुतांच्या भेटी होतात तेव्हा अंगावर काटा येतो. सातारा-सांगली-कोल्हापुराकडे गावोगाव पंजे बसतात, त्यांनाच आम्ही 'पीर' म्हणतो. पंजाची पाच बोटं म्हणजे पंजतन पाक: पैगंबर, त्यांचे जावई अली, मुलगी फातिमा, नातू हसन आणि हुसेन. दुसराही अर्थ लावतात. करबलाला तहानलेल्या लेकरांसाठी फुरात नदीचं पाणी आणायला गेलेल्या अब्बासचे, म्हणजे हुसेनच्या भावाचे, हात तोडले, हा तो हात. म्हणून चित्रात निशाणाबरोबर पखाल दिसली की ती अब्बासची.

आणि तुमच्या रिकाम्या खोगिरासाठी आणखी एक: नाल! आमच्याकडे नालसाहेब बसतो. तो काय, तर हुसेनच्या घोड्याचा नाल. स्वार नाही, घोडा नाही, घोड्याच्या पायाचं लोखंड तेवढं राहिलंय. पोरं असताना आम्ही त्याच्यामागे "दूला, दूला" ओरडत धावायचो. अर्थ कुणालाच माहीत नव्हता. पुढे एका मौलवींनी सांगितलं, तो 'दुल्हा'. करबलात लग्न होताच मारला गेलेला कासिम. हळदीच्या अंगाचा नवरदेव. ते कळल्यावर त्या ओरडण्याचा आवाजच बदलला.

हिशेबनीस
बाळ्या, घोड्याचं नाव लोक दुलदुल सांगतात, तेवढी दुरुस्ती. दुलदुल हे पैगंबरांचं खेचर, पुढे ते अलींकडे गेलं. हुसेनच्या घोड्याचं नाव जुलजनाह, म्हणजे पंखवाला. हिंदुस्थानात दोन्ही नावं एकमेकांत मिसळली ती मिसळलीच. जुलजनाहच्या चित्रात पांढऱ्या झुलीवर रक्ताचे डाग, बाण, वर घिरट्या घालणारी कबुतरं हा ठरलेला साचा. घटना हिजरी ६१ सालची, मोहरमची दहावी. इसवी सन ६८०. दोन टोकांची तलवार दिसली तर ती अलींची जुल्फिकार, पायाशी सिंह दिसला तरी तिथे अलीच, कारण त्यांचं बिरुदच शेर-ए-खुदा.

दख्खनमध्ये हे फार जुनं आहे. हैदराबादचा बादशाही आशूरखाना १५९४ चा, मुहंमद कुली कुतुबशाहानं बांधलेला. आशूरखाना म्हणजे मोहरमचे अलम, म्हणजे निशाणं, बसवायची जागा. तिथल्या भिंतींवर रंगीत फरश्यांमध्ये अलमच घडवले आहेत. बाजारात रंगीत छापील चित्रं येण्याच्या कितीतरी आधी.

स्पष्टवक्ता
ताबूत इतके लाडके होते, तर टिळकांना सार्वजनिक गणपती का काढावा लागला?

कडेगावचा बाळ्या
१८९३ च्या दंगलींनंतर ताबुतात जाणाऱ्या हिंदूंना वेगळं व्यासपीठ द्यायचं होतं, हे तर शाळेतच शिकलो. पण मेळे, लेझीम, पोरांची पथकं, मिरवणूक, विसर्जन हा थाट कुठून उचलला तेही बघा. बाकी यावर वेगळा धागा काढा, इथे दोनशे प्रतिसाद होतील.

डाकारकर
बोरूबहाद्दर, तुमचा रिकाम्या जागेचा सिद्धांत सुंदर आहे, पण मी जिथे सहा वर्षं राहिलो तिथे तो कोसळतो.

सेनेगलची राजधानी डाकार. तिथे टॅक्सीवर, न्हाव्याच्या दुकानात, शाळेच्या भिंतीवर एकच माणूस: शेख अमादू बाम्बा. मुरीद पंथाचे संस्थापक, १९२७ मध्ये वारले. त्यांचा एकच फोटो आहे, १९१३ चा, फ्रेंच राजवटीत काढलेला. कडक उन्हात पांढऱ्या कपड्यांत उभे, तोंडावर फडकं, डोळे सावलीत, हात बाहीत लपलेले. एक पाऊल तर सावलीत असं गेलंय की आहे की नाही कळत नाही. लोक त्याचेही अर्थ लावतात: ते पाऊल दुसऱ्या जगात आहे. फ्रेंचांनी काढलेल्या त्याच फोटोवरून आजवर लाखो चित्रं रंगवली गेली.

तिथे काचेच्या मागून रंगवायची पद्धत आहे, तिला सुवेर म्हणतात. त्यातलं आवडतं दृश्य म्हणजे फ्रेंच त्यांना हद्दपार करून गॅबनला नेत असताना जहाजावर नमाज पढू देईनात. शेखनी जानमाज समुद्रावर पसरली आणि पाण्यावर नमाज पढले. भोवती मासे, मागे जहाज. जानमाज रिकामी नाही, शेख तिच्यावर ठसठशीत आहेत.

इराणमध्येही अली, हुसेन, अब्बास यांची तोंडं काढलेली चित्रं सर्रास मिळतात. कधी चेहऱ्यावर पदर, कधी नुसता प्रकाश.

बोरूबहाद्दर
मान्य. मग 'आपल्याकडच्या बाजारातली चित्रं' एवढी दुरुस्ती करतो.

वाशिष्ठीकाठची
आपल्याकडेही सरसकट नाही हो. पैगंबरांचं काढत नाहीत, पण वलींचं, म्हणजे संतांचं चालतं. नागपूरच्या ताजुद्दीनबाबांचा फोटो किती घरांत आहे! ते १९२५ मध्ये वारले, त्यामुळे खरा फोटोच आहे. अजमेरचे ख्वाजा तेराव्या शतकातले, त्यांचा चेहरा कुणी पाहिलाय? तरी दर्ग्याच्या चित्रात पांढऱ्या दाढीचे ख्वाजा असतातच. बगदादच्या गौसपाकांच्या, म्हणजे अब्दुल कादिर जिलानींच्या चित्रात बुडालेली वरातीची होडी वर येत असते. हाजी मलंगला गेलात तर पायऱ्यांवरच्या दुकानांत हे सगळं एका दोरीवर टांगलेलं दिसेल, शेजारी साईबाबा आणि देवी.

इंद्रायणीकर
वाघावर बसलेला, हातात सापाचा चाबूक घेतलेला पीर कुणी पाहिलाय का? मी उत्तरेत एका उरुसात पाहिला आणि थबकलोच. म्हटलं, हा तर चांगदेव! समोर भिंतीवर बसलेली भावंडं तेवढी राहिली.

नंतर वाचत गेलो. तुर्कस्तानातही हीच कथा. अकशेहिरचा महमूद हैरानी सिंहावर बसून, सापाचा चाबूक घेऊन हाजी बेक्ताश यांना भेटायला निघाला. बेक्ताश एका खडकावर, काही कथांत भिंतीवर बसले आणि खडकच चालवत त्याला सामोरे गेले. म्हणाले, जिवंत जनावर कुणीही चालवील. हिंदुस्थानातल्या सुफींच्या कथांतही भिंत चालते. कुणी कुणाकडून घेतली याचा छडा लावत बसू नये, निदान मी तरी बसत नाही. पण आळंदीत ती भिंत पाहिलेल्या माणसाला हे पोस्टर कुणी समजावून सांगावं लागत नाही, खरं ना?

खोडसाळकाका
आता मात्र धागा चांगलाच धावायला लागलाय. भिंतीसारखा.

ऑफसेटअण्णा
हिरव्या रंगाचं राहिलं. मदिनेचा तो घुमट १२७९ मध्ये बांधला, पण हिरवा रंग लागला १८३७ मध्ये, उस्मानी सुलतानाच्या काळात. म्हणजे गुंबदे खजरा, हिरवा घुमट, हे नाव दोनशे वर्षांचंही नाही. चांद-ताऱ्याचंही तसंच, उस्मानी निशाणावरून तो जगभर पसरला. आणि कृपा करून उरुसातलं हिरवं निशाण पाहिलं की पाकिस्तानचा झेंडा म्हणून फोटो फिरवू नका. त्या झेंड्याला काठीच्या बाजूनं पांढरा पट्टा असतो. दोन्ही छापलेत, म्हणून सांगतो.

हिशेबनीस
कोपऱ्यातली अक्षरं कुठली? चार कोपऱ्यांत चार चौकटी असतील तर बहुतेक चार कुल, 'कुल' या शब्दानं सुरू होणाऱ्या चार छोट्या सूरा. दोनच असतील तर एकीकडे अल्लाह, दुसरीकडे मुहंमद.

बोरूबहाद्दर
दोनच आहेत. उजवीकडच्या शब्दात शेवटी गाठ मारल्यासारखं गोल अक्षर आहे.

हिशेबनीस
मग तो अल्लाह. ते गोल म्हणजे 'हे'. अरबी उजवीकडून वाचतात, म्हणून आधी तो. चुकून फ्रेम उलटी टांगू नका.

वाशिष्ठीकाठची
टांगणार असाल तर एवढं बघा. पायांकडे नको, पलंगाच्या पायथ्याच्या भिंतीवर तर मुळीच नको. माणसाच्या डोक्याच्या वर असू दे. संडासाच्या भिंतीला पाठ नको. आमच्याकडे वर्षाचं कॅलेंडर संपलं तरी काबा असलेलं पान कचऱ्यात टाकत नाहीत. नानी ती सगळी पिशवीत साठवायची आणि पावसाळ्यात वाशिष्ठीला सोडायची. नदीला पूर आला की म्हणायची, "आपला बुराक समुद्राला पोचला असेल."

स्पष्टवक्ता
हिंदू घरात बुराक टांगणार?

बोरूबहाद्दर
आईला विचारलं. ती म्हणाली, "देव्हाऱ्यात नको, त्यांनाही आवडायचं नाही. पण भिंत काय कुणाच्या बापाची आहे?"

काल फ्रेमवाल्याकडे गेलो होतो. त्यानं जुनी काच काढली तर मागे १९८७ च्या मराठी वर्तमानपत्राचा कागद निघाला, सोयाबीन तेलाची जाहिरात. अण्णा, तुमचे चार मिनार जुळले. नवी काच, नवी चौकट सांगितली. त्यानं विचारलं, "तोंडावरचा कागद काढू का? केमिकल मारलं की निघेल, खाली चेहरा असणार." नको म्हणालो. तो म्हणाला, "मग फोटो अर्धाच दिसणार साहेब." म्हटलं, दिसू दे. शनिवारी मिळेल.